जोडीनं सत्कार

पोलीस ठाण्यात माणूस निवृत्त झाला की त्याचा सत्कार जोडीनं होतो. ठाण्याच्या आवारात मंडप, मंडपात छोटं स्टेज, स्टेजवर साहेबांच्या शेजारी दोन खुर्च्या. एकीवर निवृत्त होणारा हवालदार, शेवटच्या दिवसाचा कडक इस्त्रीचा गणवेश घालून. दुसरीवर त्याची बायको, डोक्यावर पदर, नजर खाली. त्याला फेटा, शाल, नारळ आणि शर्ट-पँटचं कापड. तिला साडी आणि ओटी. मग भाषणं. प्रत्येक भाषणात एक वाक्य ठरलेलं, की वहिनींनी घर सांभाळलं म्हणून यांना ड्युटी करता आली. वहिनी पदराचं टोक डोळ्याला लावतात, लोक टाळ्या वाजवतात. हे सगळं मी नोकरीभर पाहिलं ते स्टेजच्या पायथ्याशी उभं राहून, हातात ओटीचं ताट धरून. ठाण्यात बाई बहुतेक वेळा मी एकटीच, मग वहिनींची ओटी दुसरं कोण भरणार?

मग माझा नंबर आला. आमच्या पिढीतल्या अर्ध्या पोरींची जन्मतारीख गुरुजींनी शाळेत नाव घालताना एक जून लावून दिली, त्यामुळं आम्ही सगळ्या मे महिन्याच्या शेवटी, उन्हानं जीव मेटाकुटीला आलेला असताना निवृत्त होतो. खाकी साडीत भरती झाले होते, खाकी पँटमध्ये सुटणार होते. गुडघे गेले होते, कंबर गेली होती आणि राग तेवढा शाबूत होता. ठाण्यात असे समारंभ एक जुना हवालदार बघायचा. मंडप, माईक, आहेर, पेढे सगळं त्याच्याकडं. त्यानं विचारलं, "मॅडम, शेजारच्या खुर्चीवर मालकच बसतील ना?"

मी म्हणाले, "नाही. आमच्या आत्याबाई बसतील."

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जणू बाईला उन्हाचा त्रास झाला असावा.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात, त्यात माया असतेच असं नाही. आमच्या दोघींत तर ती दिसण्यासारखी कधीच नव्हती. मी ड्युटीवरून आले की त्या ओट्यावरूनच म्हणायच्या, "आल्या का फौजदारीनबाई." मी चपला काढेपर्यंत दुसरा टोमणा तयार असायचा. पण माझी दोन लेकरं त्यांनी वाढवली. शाळेच्या गॅदरिंगला त्या गेल्या, गोवर निघाला तेव्हा उशाला त्या बसल्या, पोरीच्या वेण्या त्यांनी घातल्या. लेकरं त्यांच्याच अंगाला अंग लावून झोपायची आणि मला त्याचं वाईटही वाटायचं. त्या नसत्या तर पहिल्या वर्षातच मी बेल्ट आणि टोपी जमा करून घरी बसले असते, हेही मला पक्कं माहीत होतं.

मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचंही सांगायला पाहिजे. ते वाईट नाहीत. दारू नाही, कधी हात उगारणं नाही. आष्टीकडं आमचं शेत आहे, तिथं ते असायचे, आणि इकडं असले की क्वार्टरच्या ओट्यावर पेपर वाचायचे. कुणी भेटलं की सांगायचे, "मी परवानगी दिली म्हणून ही पोलिसात गेली." खोटं नाही ते. पण एकदा दिलेल्या परवानगीवर माणसानं जन्मभर किती मिरवावं?

ठाण्यात मला नाव नव्हतं. मला सगळे लेडीज म्हणायचे. "लेडीज कुठंय? लेडीजला पाठवा." बाई पळून गेली, लेडीज. सापडली, लेडीज. बाईला मारलं, बाईनं औषध घेतलं, बाई विहिरीतून काढली, लेडीज. बाईच्या प्रेताचा पंचनामा असला की हात बाईनंच लावायचा असतो, तेव्हा अंगावरच्या खुणा बघून सांगायचं काम माझं. पुरुष शिपाई पाठ करून उभे राहायचे आणि मी सांगेन ते लिहून घ्यायचे. जांब समर्थला रामनवमीचा बंदोबस्त लागला की मी सकाळपासून पाणी पीत नसे, कारण एवढ्या गर्दीत बाईमाणसानं आडोसा कुठं शोधायचा? जाफराबादकडं सापडलेली एक चुकलेली पोरगी एसटीत मांडीवर झोपवून जालन्याला पोचवली, त्या दिवशी माझी स्वतःची पोरगी घरी तापानं फणफणली होती. घरी म्हणायचे हिला घराचं काही नाही, ठाण्यात म्हणायचे हिचं सगळं लक्ष घरी. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, तसं झालं होतं माझं.

महिलादिनाला मात्र आमची आठवण निघायची. एका वर्षी ज्या हॉलमध्ये माझा सत्कार होता, त्याच हॉलच्या दारावर माझाच बंदोबस्त लागला होता. नाव पुकारलं तशी मी दारावरून स्टेजवर गेले, शाल आणि गुलाब घेतला, फोटोला उभी राहिले आणि परत दारावर येऊन उभी राहिले. पाहुण्या बाई भाषणात म्हणत होत्या की आमच्या या रणरागिणींना सलाम. रणरागिणीला तेव्हा फक्त कुठंतरी टेकायचं होतं. त्या शाली आत्याबाईंनी पाहुण्यांच्या अंथरुणात घातल्या, नारळ त्याच संध्याकाळी चटणीत गेले आणि एक जड स्मृतिचिन्ह लोणच्याच्या बरणीवर वजन म्हणून बसलं. मला त्याचं काही वाटलं नाही. ते तिथं निदान उपयोगी पडत होतं.

तर अशी सगळी जन्माची कथा, आणि मला शेवटच्या दिवशी एकच गोष्ट पाहिजे होती. त्या दुसऱ्या खुर्चीवर आत्याबाई बसाव्यात आणि माईकवरून, चार लोकांदेखत, त्यांनी घर सांभाळलं असं म्हटलं जावं. घरात मला ते म्हणता येत नव्हतं. आम्ही एकमेकींना जेवलीस का, जेवलात का हेसुद्धा भांडल्यासारखं विचारायचो. इतकी वर्षं साचलेलं एका वाक्यात तोंडावर कसं म्हणणार? समारंभाच्या आडून म्हणता आलं असतं, आणि असा आडोसा पुन्हा मिळणार नव्हता. त्यांचं वयही आता वाट बघत बसण्याचं नव्हतं. भिंतीला धरून चालायच्या.

अडचण एकच होती. आत्याबाई ठाण्यात पाऊल टाकत नसत. आमची पोलीस लाइन ठाण्याच्या मागंच, मध्ये नुसती एक भिंत. लेकरं दिवसभर इकडून तिकडं पळायची, पण आत्याबाई डबा घेऊन यायच्या त्या गेटपर्यंतच. गेटबाहेरच्या लिंबाखाली उभ्या राहून एखाद्या शिपायाला हाक मारायच्या, डबा द्यायच्या आणि माघारी. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, त्यात आत्याबाईंनी ठाणंही धरलं होतं. त्यांच्या माहेरी भावकीच्या भांडणात पोलिसांनी त्यांच्या वडिलांना सगळ्या गावादेखत उन्हात बसवून ठेवलं होतं. त्या तेव्हा लहान होत्या. ठाणं म्हणजे बेइज्जती, एवढंच त्यांच्या मनात कायमचं बसलं.

मी विचारलं तेव्हा त्या मेथी निवडत होत्या.

"आत्याबाई, माझ्या सत्काराला तुम्ही माझ्या शेजारी स्टेजवर बसायचं."

"मी? मी कशापाई?"

"जोडीनं असतो तो. ज्यानं घर सांभाळलं त्याला बसवतात."

"जोडीनं म्हंजी नवरा-बायको. सासू-सुनेची जोडी कुठं ऐकली का तू? लोक हसतेत."

"हसू द्या."

"आन् ते बी ठाण्यात? न्हाई. बिलकुल न्हाई. इतके दिवस न्हाई चढले, आता मरायच्या वक्ताला कशाला चढू?"

मला एकदम राग आला. "मग काय, घरात बसून मला बोलतच राहणार का?"

"ते तर बोलतेच की," त्या म्हणाल्या आणि मेथीच्या काड्या माझ्या अंगावरून पलीकडं टाकल्या.

मालक ओट्यावरून ऐकत होते. पेपर खाली करून म्हणाले, "तिला बसवती, मंग मी कुठं बसू? मी जाकीट शिवायला टाकलंय." खरंच टाकलं होतं त्यांनी, बिनबाह्यांचं, पुढाऱ्यासारखं. आता यावर काय बोलायचं? आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. भांडायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी हवालदाराला सांगून टाकलं, की बसतील मालकच.

त्या दुपारी मंडपाचं कापड तापून खाली झळा येत होत्या. आत्याबाई आल्या, पण गेटपर्यंत. कुणीतरी त्यांना लिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकून दिली. तिथून त्यांना स्टेज दिसत होतं आणि मला त्या दिसत होत्या. मी एकदा हातानं खुणावलं, या म्हणून. त्यांनी तोंड फिरवलं. मालक माझ्या शेजारी नवं जाकीट घालून, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसले होते.

सत्काराला सुरुवात झाली आणि हवालदारानं माईकवर त्याच्या ठरलेल्या आवाजात सांगितलं, "आता साहेबांच्या हस्ते यांचा सपत्नीक सत्कार होत आहे." बोलून गेल्यावर त्याच्या ध्यानात आलं, पण तोवर ताटं पुढं आली होती. इतक्या वर्षांच्या सवयीनं त्यानं ताटं लावली होती ती नेहमीसारखीच. गणवेशातल्या माणसाला फेटा आणि शर्ट-पँटचं कापड, शेजारच्या खुर्चीला साडी. साहेबांनी माझ्या डोक्यावर फेटा ठेवला, हातात कापड दिलं. आणि ठाण्यात नव्यानं आलेली एक पोरगी, माझ्या जागी आलेली शिपाई, ओटीचं ताट घेऊन मालकांसमोर येऊन थबकली. ताटात साडी, नारळ, हळदीकुंकू. तिला पुढं सरकता येईना आणि मागंही फिरता येईना. सगळा मंडप फुटला हसून. मालकांचे कान लाल झाले. मग त्यांनीच हात पुढं करून साडी घेतली, मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "कुंकू ऱ्हाऊ द्या तेवढं." पुन्हा हशा. तेवढा मोठेपणा आहे त्यांच्यात. मीही हसले. त्या महिन्यात पहिल्यांदा हसले असेन.

मग भाषणं. ठरलेलं वाक्य आलंच, फक्त वहिनींच्या जागी भाऊजी. "भाऊजींनी घर सांभाळलं म्हणून मॅडम ड्युटी करू शकल्या." मालक मांडीवरच्या साडीकडं बघत होते. मी गेटकडं बघत होते.

म्हणून ती बाई मला दिसली.

वीस-बावीसची असेल. कडेवर तान्हं, ओठ सुजलेला, खांद्यावर झंपर फाटलेला तो पदरानं झाकलेला. गेटातून आत आली, मंडप बघितला, माईकचा आवाज ऐकला आणि थांबली. तिला वाटलं असणार, की आज इथं कुणाचं तरी लग्नकार्य आहे, आपलं कोण ऐकणार? तिनं पदर तोंडाला लावला आणि ती वळली.

अशी वळलेली बाई मला माहीत आहे. घरातून निघताना तिनं सगळा धीर खर्च केलेला असतो. दुसऱ्यांदा तेवढा धीर गोळा होत नाही. त्यातल्या काही जणींची आणि माझी पुन्हा गाठ पडली ती पंचनाम्याला, आणि तेव्हा सांगायला फक्त त्यांच्या अंगावरच्या खुणा होत्या. नवी पोरगी पाठमोरी, ताट आवरत होती. बाकीचे सगळे भाषणाकडं तोंड करून. मी खुर्चीचे हात धरून उठायला लागले. डोक्यावर फेटा, मांडीवर कापड, साहेब माईकवर माझंच नाव घेऊन बोलत असलेले. जेवणाच्या ताटावरून, लेकराच्या उशापासून, नणंदेच्या लग्नातल्या पंगतीतून मी अशीच उठत आले होते. आता शेवटच्या तासालाही उठायचं होतं. काही चूक नव्हतं त्यात, पण मला इतका कंटाळा आला स्वतःचा, की डोळ्यांत पाणी आलं.

तेवढ्यात लिंबाखालून आत्याबाई उठल्या. त्यांनी त्या बाईचं मनगट धरलं. काय बोलल्या ते भाषणाच्या आवाजात ऐकू आलं नाही. ती बाई मान हलवत होती, आत्याबाई सोडत नव्हत्या. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी अर्धी उठलेली त्यांना दिसले असणार. त्यांनी हात वर केला आणि खाली दाबल्यासारखा केला. बस. पुन्हा एकदा केला, रागानं, लेकराला दटावताना करतात तसा. मग तान्हं स्वतःच्या कडेवर घेतलं, त्या बाईला पुढं घातलं, आणि मंडपाच्या कडेकडेनं, एका हातानं कनातीच्या दांड्या धरत, दोघी ठाण्याच्या पायऱ्या चढून आत गेल्या.

मी बसले. एवढ्या नोकरीत माझ्याऐवजी दुसरं कुणी उठल्याची ती पहिली वेळ होती. खाली वाकून नव्या पोरीला खूण केली, ती ताट टाकून आत धावली. पुढं कोण काय बोललं ते मला आठवत नाही. माईक माझ्या हातात आला तेव्हा घोकून ठेवलेलं सगळं विसरले होते. एवढंच म्हणाले, "माझं घर माझ्या सासूनं सांभाळलं. त्या आत आहेत." लोकांना वाटलं अजून बोलेन, मग नाही बोलले म्हणून टाळ्या वाजल्या. आत्याबाईंनी काही ते ऐकलं नाही. ज्या वाक्यासाठी सगळा खटाटोप केला, ते ज्यांच्यासाठी होतं त्या सोडून सगळ्या गावानं ऐकलं.

पेढे वाटून होताच मी आत गेले. नवी पोरगी लिहून घेत होती. बाकड्यावर आत्याबाई बसल्या होत्या, मांडीवर तान्हं झोपलेलं, शेजारी ती बाई. तिनं आधी सगळं आत्याबाईंनाच सांगितलं होतं, आणि आता पोरगी विचारेल तेव्हा मध्येच थांबून आत्याबाईंकडं बघायची. आत्याबाई मान हलवायच्या, सांग म्हणून. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. माझ्याकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. त्या बाईला दवाखान्यात न्यायला जीप आली, तोवर त्या जागच्या हलल्या नाहीत.

मग आम्ही मागच्या बाजूनं क्वार्टरकडं निघालो. त्या भिंतीला धरून, मी मागं. मालक आधीच येऊन पोचले होते. त्यांनी ती साडी आईपुढं ठेवली, "माय, ही तुझी," म्हणाले आणि चहा ठेवायला आत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ठेवला असेल. आत्याबाईंचं साडीकडं लक्षच नव्हतं. ओट्यावर टेकून त्या आपल्या हाताकडं बघत होत्या.

मग म्हणाल्या, "तिच्या पाठीवर चटके व्हते. मला दाखवले तिनं."

मी हातातलं कापड खाली ठेवलं.

"तुला हे रोजच व्हतं का?"

"रोज नाही," मी म्हणाले. "पण असायचं."

"मला वाटायचं तू तिथं खुर्चीत बसून राह्यती, पंख्याच्या वाऱ्याखाली. आन् घरी आली की तोंड फुगवून बसती. एक शबुद बोलायची न्हाईस लेकरांशी." त्या थांबल्या. "मंग सांगितलं का न्हाईस?"

"सांगून काय झालं असतं, आत्याबाई?"

त्यांनी विचार केला. खरोखर विचार केला, उत्तर द्यायची घाई केली नाही.

"काय न्हाई झालं असतं," त्या म्हणाल्या. "मी तुला कमी बोलले असते."

मी तिथंच त्यांच्या पायापाशी, फेट्यासकट, खाली बसले आणि मोठ्यानं रडले. आतून मालकांनी काय झालं म्हणून विचारलं. आत्याबाई म्हणाल्या, "काय न्हाई. रडू दे तिला."